दात, संत्री आणि ज्वालामुखीचा आरसा

मी पांढुर्ण्याला जाऊन आले हे कळल्यावर कोल्हापुरात ज्याने त्याने एकच विचारलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड मारतात तेच ना ते?" तेच. पण मी गेले फेब्रुवारीत, आणि मला एकही दगड लागला नाही. ज्या एका दगडासाठी मी एवढ्या लांब गेले तो तर दगडच नव्हता, काच होती. त्या काचेने माझं नाक कसं कापलं ते दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून हे लिहायला बसले.

धंद्याने मी कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाची मापं पाठवतात, मी दात बसवून, घासून, चकाकी आणून परत धाडते. त्यामुळे माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या दातांवर जाते, मग चेहऱ्यावर, आणि नाव तर मी दोनदा विचारते. सुट्टीच्या दिवशी मी दातांऐवजी काच घासते. दुर्बिणीचा आरसा घरी करता येतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या, मध्ये खरखरीत भुकटी आणि पाणी घालून एक दुसरीवर घासत राहायची. हळूहळू एक चकती बशीसारखी खोलगट होते. मग बारीक भुकटी, मग त्याहून बारीक, आणि शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. माझ्या नवऱ्याच्या मते हा उद्योग दोनच प्रकारची माणसं करतात: ज्यांना आकाशाचं वेड आहे ती, आणि ज्यांना घरात कुणी काम सांगायला धजत नाही ती. मी कुठल्या प्रकारातली ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

अशा वेड्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात पांढुर्ण्याचे गजभिये. रेल्वेच्या सिग्नलच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांचं आणि माझं ग्रुपवर रोज वाजायचं, प्रत्यक्ष भेट मात्र कधी नव्हती. त्यांची मुलगी प्रज्ञा आर्मेनियात डॉक्टरकी शिकते. बाकीच्यांची पोरं परदेशातून चॉकलेटं आणतात, हिने बापासाठी काळ्या काचेचा धोंडा आणला. तिकडच्या डोंगरांत ज्वालामुखीची काच अशी ढिगाने मिळते म्हणे. लाव्हा सावकाश निवला तर त्याचा कातळ होतो, घाईत निवला तर काच. गजभियेंनी फरशीच्या दुकानातून त्या धोंड्याची वीतभर रुंद चकती कापून घेतली आणि ग्रुपवर जाहीर केलं, "याचा आरसा करून राहिलो."

मी लगेच लिहिलं की असल्या काचेत बुडबुडे असतात, ताण असतो, ऊन लागलं की ती वाकडी होते. तिची फार तर कोटाची बटणं होतील. त्यांचं उत्तर आलं, "ताई, कारखान्याच्या काचेले दोन दिवस आराम भेटत नाई. हे लाखो वर्षं डोंगरात आराम करून राहिली. हिले कायचा ताण?"

मी लगेच विषय दातांवर नेला. फोटोत गजभिये नेहमी तोंडावर हात धरून असायचे, आणि हाताआड काय आहे, किंवा काय नाही, ते मला न सांगता कळतं. मी विचारलं, दात कुठे गेले? ते म्हणाले, आले तसे गेले. कवळी का नाही? ते म्हणाले, तोंडात सिमेंट भरून घ्यायला आपण काय पूल आहोत? झालं. ग्रुपवरच पैज लागली.

पैज अशी. पुनर्वसू नक्षत्रात दोन ठळक तारे आहेत. त्यातल्या एकाकडे चांगल्या दुर्बिणीतून पाहिलं, तर तो एक नसून दोन असल्याचं दिसतं, मध्ये काळी फट. आरसा बिघडलेला असेल तर दोघांचा मिळून एकच चिकट ठिपका. काळ्या आरशातून दोन दिसले, तर मी ग्रुपवर हार मानायची आणि दातांचं नाव पुन्हा काढायचं नाही. एकच दिसला, तर गजभियेंनी सौसरच्या दंतवैद्याकडे माप द्यायचं आणि मी बनवीन ती कवळी मुकाट्याने लावायची. पंच म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोचं नाव सुचवलं. "माझ्या कोन्त्याच गोष्टीले तिनं आजपावतो हो म्हटलं नाई," त्यांनी लिहिलं. "ती दोन म्हनली, त दुनिया मानते."

मी तिकीट काढलं. सोबत माप घेण्याचा स्टीलचा मोठा साचा घेतला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हा साचा दिसायला घोड्याच्या नालासारखा असतो, त्यात गजभिये म्हणतात ते सिमेंट भरून तोंडात दाबतात. दंतवैद्याकडे साचे असतातच, पण गजभियेंचा जबडा फोटोवरून मोठा वाटत होता, आणि जिंकायची तयारी घरूनच करून निघावं असं मला वाटलं.

पांढुर्णा

स्टेशनवर गजभिये आले होते, तोंडावर हात धरून. "जय भीम, ताई. बटनं घ्याले आल्या?" हे पहिलं वाक्य. माणूस मला तिथेच आवडला, पण तसं दाखवलं नाही.

घर स्टेशनपासून लांब नाही. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात वाळूने भरलेला तेलाचा ड्रम. त्या ड्रमवर चकती ठेवून, भोवती गोल गोल फिरत गजभियेंनी अख्खा हिवाळा आरसा घासला होता. असं फिरत राहिलं म्हणजे काच सगळीकडून सारखी घासली जाते. पायांनी जमिनीत गोल चर पडला होता. शेजारचे लोक येता-जाता विचारत, मळणी कधी संपणार आणि पोती किती होणार.

शोभाबाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, दात उत्तम. एक सुळा जरा तिरका, पण अख्खा संच जागेवर. त्यांनी तर्री घातलेले पोहे समोर ठेवले. आम्ही कोल्हापूरची माणसं तिखटाच्या बाबतीत स्वतःला फार मोठी समजतो. दुसऱ्या घासाला मी पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

मग गजभियेंनी आरसा आणला. काळा कुळकुळीत. चांदीचा मुलामा अजून दिलेला नव्हता, त्यामुळे विहिरीत वाकून पाहावं तसा त्यात चेहरा दिसत होता, पण मोठा होऊन. मला माझी टोपण घातलेली दाढ एवढी मोठी दिसली की मी तोंड मिटून घेतलं. ठळक तारे पाहायला बिनमुलाम्याचा आरसाही चालतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. कडेला एक बुडबुडा सापडला, तेवढ्यावर समाधान मानलं.

"ब्लेड लावून तपासू का?" मी विचारलं. आरशासमोर दिवा आणि दाढीचं ब्लेड धरून सावलीवरून त्याचा आकार तपासता येतो. खरं तर मला घाई झाली होती.

"नाई. पैज ताऱ्यावर हाय, ब्लेडवर नाई," असं म्हणून त्यांनी आरसा जुन्या लुगड्यात गुंडाळला.

दुपारी जेवायला पाटवड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. माझं ताट वाढून झालं तरी शोभाबाई बसेनात. त्यांनी एक भाकर परातीत कुस्करली, तिच्यावर वरण ओतलं, वाटीने रगडली, पाटवड्या वेगळ्या कुटल्या, पुन्हा रगडलं. असा लगदा गजभियेंपुढे गेला. ते आरशाबद्दल बोलत बोलत जेवले आणि उठले. तोवर शोभाबाईंची भाकर वातड झाली होती. ती त्यांनी चुलीजवळ बसून चार घासांत संपवली.

मी भांडी उचलू लागले तेव्हा त्यांनी मला आत ओढलं. "ताई, तुमी जिंकून जा बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. "रोज दोन सैपाक करून राहिली मी. लग्नात गेलो तरी पिशवीत खलबत्ता. पोट्टी फोनवर दिसते त हे तोंडावर हात धरतेत. ते इचारते, बाबा, डाक्टर मी होऊन राहिली, मास्क तुमी कायले लावला?"

"मग तुम्ही पंच आहात ना," मी म्हणाले. "एक तर म्हणायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने हात पुसत राहिल्या. माझं काम झालं असं मी समजले.

सौसरची बस

दुर्बिणीची नळी बोरगावात होती. गजभियेंचे मित्र धनराजजी तिथे संत्र्यांची बाग करतात, आणि बागेला पाणी देण्याच्या जाड पीव्हीसी पाइपातूनच त्यांनी नळी कापून दिली होती. शिवाय पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तिथे दिवे फार. तेव्हा ठरलं असं, की आरसा घेऊन आम्ही तिघांनी बसने सौसरला जायचं, तिथून धनराजजी जीपने बागेत नेणार.

आरसा बांधण्याचं काम शोभाबाईंनी केलं, आणि पांढुर्ण्यात नाजूक वस्तू जशी बांधतात तसा बांधला: संत्र्यांच्या क्रेटमध्ये. खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मग लुगड्यात गुंडाळलेला आरसा, वर पुन्हा तणस, आणि सगळ्यात वर संत्र्यांचा थर.

"संत्री कशाला?" मी विचारलं.

"काच हाय म्हटलं की लोकं उघडून पाहातेत," त्या म्हणाल्या. "संत्र्याकडे इकडे कोनी पाहात बी नाई."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खोट बसमध्ये चढल्यावर दिसली. फेब्रुवारीत पांढुर्ण्याहून निघालेल्या बसमध्ये माणसं कमी आणि संत्र्यांचे क्रेट जास्त. सगळे एकाच रंगाचे, सगळ्यांत वरती संत्री. कंडक्टरने आमचाही क्रेट उचलून त्या चळतीत घातला. गजभिये "सांभाळून, सांभाळून" म्हणाले, तर तो म्हणाला, "काका, पहिल्यांदा संत्रं पाहून राहिले का?"

रस्ता छान आहे. दोन्ही बाजूंना बागा, मधूनमधून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, आणि बाभळींच्या काट्यांना गाड्यांमधून उडालेला कापूस अडकलेला. आमच्याकडे उसाच्या गाडीमागे पोरं धावतात. इथे कापसाच्या गाडीमागे कुणी धावत नाही, काटेच आपला वाटा काढून घेतात. शनिवार असल्याने जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाच्या दर्शनाची गर्दी उतरली, तिच्याबरोबर मंदिराबाहेर दुकानं लावणाऱ्या बायका, आणि बायकांबरोबर भराभरा क्रेट. मी खिडकीतून टाटासुद्धा केला.

सौसरला उतरलो. धनराजजींना यायला वेळ होता. चहाच्या टपरीवर बसलो, आणि माझ्यातला दानशूर जागा झाला. वरची संत्री आता ओझंच होती. मी टपरीवाल्याला दोन दिली, बाकावरच्या म्हाताऱ्याला दोन, एका बाईच्या पिशवीत चार. पोलिसालाही एक देऊ केलं, त्याने तीन घेतली. गजभियेंनीही दोन खाल्ली. बिनदातांच्या माणसाला संत्र्याइतकं सोयीचं फळ नाही. वाटता वाटता माझा हात खाली गेला. तणस लागायला हवं होतं. लागलं संत्रं. आणखी खाली संत्रं. तळाला संत्रं.

गजभियेंचा हात तोंडावरून खाली आला. "ताई," ते म्हणाले, "आरसा?"

माझ्या मनात आलेला पहिला विचार इथे लिहिण्यासारखा नाही. पैजेशी त्याचा संबंध होता एवढंच सांगते. पण समोरचा माणूस पांढराफटक पडला होता. एकच चकती होती, दुसरी आणायला आर्मेनिया. मला फार वाईट वाटलं आणि लाजही वाटली, कारण तोंडात अजून त्याच क्रेटमधली फोड होती.

"बाई गं, फाटा," शोभाबाई म्हणाल्या. "त्या बायकायनं नेला."

जामसांवली

धनराजजींची जीप आली तशीच फिरवली. धनराजजी दांडगे गृहस्थ, पानाने रंगलेले पण मजबूत दात. सगळी हकीकत ऐकून ते इतके हसले की जीप रस्त्याच्या कडेला गेली. "गजभियेजी, माल त मंडीत जाते असं आयकलं होतं," ते म्हणाले, "तुमचा आरसा हनुमानजीच्या दर्शनाले गेला."

मंदिराच्या रस्त्याला नारळ, फुलं, प्रसाद, खेळणी, आणि संत्री. संत्रीवाल्या बायकाच डझनाच्या वर. आम्ही एकेकीचा क्रेट पाहत निघालो. प्रत्येकीला वाटलं गिऱ्हाईक आलं, आणि घेणार नाही कळल्यावर प्रत्येकीने आमचा उद्धार केला. रांगेच्या टोकाला एक बाई हातातल्या जुन्या तराजूने संत्री तोलत होती. कौशल्याबाई, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन पुढचे चारही दात काळे. तिच्या तराजूच्या एका पारड्यात वजनाखाली एक काळी, गोल, चकचकीत चकती होती.

गजभिये पारड्याकडे धावले.

झालं होतं असं. संत्र्यांसाठी तिने एका पारड्यात टोपली बांधली होती. टोपलीच्या वजनाइतका दगड दुसऱ्या पारड्यात ठेवावा लागतो, त्याला धडा म्हणतात. तिचा धड्याचा दगड कुणीतरी चोरला होता. क्रेट उघडला तर तणसात लुगडं, लुगड्यात हा गोल दगड. ठेवून पाहिला तर काटा सरळ.

"असा बराबर बसला जी," कौशल्याबाई कौतुकाने म्हणाली, "जसा काई मापून धाडला."

"बाई, तो आरसा हाय," गजभिये म्हणाले. "तारे पाहाचा."

"काळा?" तिने विचारलं. या प्रश्नावर मी कित्येक महिने ग्रुपवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. तिचं एका शब्दात झालं.

मग तिने मुद्द्याला हात घातला. "माझं क्रेट कुठी हाय?"

धनराजजींनी जीपमधून क्रेट आणला. अर्धा रिकामा. तिने आत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहू लागले.

"कोनं खाल्लं?"

"पोलिसानं," गजभिये म्हणाले. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

धनराजजींनी संध्याकाळच्या आत बागेतून भरलेला क्रेट पाठवायचं कबूल केलं. ती तेवढ्यावर राजी होईना. शनिवारचा बाजार, धडा दिला तर ती तोलणार कशी? तिला तेवढ्याच वजनाचं काहीतरी हवं होतं, आणि अगदी तेवढंच. मंदिराच्या दारात मापात पाप करणार नाही म्हणाली. मग आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला दगड शोधत फिरलो. एक जड, एक हलका, दोन मिळून जास्त. येणारेजाणारे थांबून सल्ले देऊ लागले. शेवटी एक दगड असा सापडला की काटा केसभरच झुकत होता. अजून एवढंसं काहीतरी पाहिजे होतं. गजभियेंची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"ताई, तो तुमचा नाल काढा."

"कसला नाल?"

"तोच, माझ्या तोंडात कोंबाले आनला तो."

माझा स्टीलचा साचा कौशल्याबाईने दगडावर ठेवला. काटा सरळ. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गजभिये तोंडावर हात धरायचं विसरून हसले, आणि मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात रिकामं आणि सगळ्यात खूश तोंड पाहिलं. तो साचा अजून तिथेच आहे. जामसांवलीला गेलात आणि संत्री घेतलीत तर मापात फसवणूक होणार नाही, याची हमी मी कोल्हापुरातून देते.

आरशावर संत्र्याचा रस, धूळ आणि बोटांचे ठसे होते. गजभियेंनी तो न पुसता, नळाखाली धरून नुसत्या पाण्याने धुतला. पुसला असता तर धुळीने ओरखडे पडले असते. धुतल्यावर एकच ओरखडा निघाला, केसाएवढा. ते तो पुन्हा पुन्हा उन्हात धरून पाहत होते.

"एवढ्याने ताऱ्याला काही होत नाही," मी म्हणाले. प्रतिस्पर्ध्याला धीर द्यायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

बोरगाव

बागेत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. झाडांवर मृग बहाराची फळं, खाली गोवऱ्यांचा जाळ, आणि जाळात रोडगे. आमच्याकडे पाहुणा आला की मटण चढतं. इकडे बागेत पाहुणा आला की रोडगे भाजतात. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात खरपूस भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे, आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. वरचं कवच असं कडक की माझ्या धंद्याला हा भाग बरकतीचा आहे हे मी मनात नोंदवून ठेवलं.

अंधार पडताच गजभियेंनी आरसा पाइपाच्या तळाशी बसवला. नळी लाकडी घोड्यावर ठेवली. पुनर्वसू डोक्यावर येऊ लागला होता. त्यांनी तारा धरला आणि आधी मला बोलावलं. नळीच्या वरच्या टोकाला कडेने डोळा लावायचा असतो. लावला.

तारा नव्हताच. मोडक्या भज्यासारखं काहीतरी, एका बाजूला पसरलेलं, थरथरणारं.

"काय दिसून राहिलं?" गजभियेंनी विचारलं.

"बटण," मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि बाजूला झाले. मग ते जे बोलले त्यात नेहमीचा खट्याळपणा अजिबात नव्हता. "ताई, काच दुपारभर उन्हात होती. तराजूत. निवू द्या तिले. जेवन होऊ द्या, मंग पंचाले बोलवू."

मी तेव्हाच पंचाला बोलावू शकले असते. पैजेत वेळेचा काही नियम नव्हता. शोभाबाई चुलीपाशी होत्या, एक हाक मारायची, त्यांनी भजं पाहिलं असतं, आणि भज्याला कुणी दोन तारे म्हणत नाही. हाक अगदी जिभेच्या टोकाशी आली होती. पण तापलेला आरसा जगातल्या कुठल्याही काचेचा असो, भजंच दाखवतो. हे मी स्वतःच्या आरशांवर अनेकदा भोगलंय. अशी जिंकलेली पैज मला पचली नसती. आणि तर्री पोह्यांनी पोट आधीच नाजूक झालं होतं.

"जेवू या," मी म्हणाले.

जेवताना शोभाबाईंनी गजभियेंचे रोडगे दगडावर ठेवून बत्त्याने फोडले. पिशवीतून बत्ता आणलाच होता. चुरा चाळून टणक कवच वेगळं काढलं, उरलेलं तुपावरणात भिजवलं, रगडलं, पुन्हा थोडं वरण घातलं. धनराजजी आणि मी दुसरा रोडगा घेतला तेव्हा त्या गजभियेंची वांगी सोलत होत्या. त्यांचं स्वतःचं ताट वाढलेलं होतं आणि त्यावरचं तूप थिजून पांढरं झालं होतं.

हात धुतले आणि मी पुन्हा डोळा लावला.

काय सांगू. भजं गेलं होतं. काळ्याभोर आकाशात टाचणीच्या टोकाएवढे दोन पांढरे ठिपके, एक मोठा, एक जरासा लहान, आणि दोघांमध्ये स्वच्छ काळी फट. समोरच्या दोन दातांत काडी जाईल अशी. माझ्या कारखान्याच्या काचेच्या आरशाने हा तारा इतका सुरेख कधी दाखवला नव्हता. हे मला फार झोंबलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तिथून हलेना.

"बोला ना ताई," गजभिये म्हणाले.

"मी पंच नाही," मी म्हणाले. "पंचाला बोलवा."

शोभाबाई हात पुसत आल्या. त्यांना डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. धनराजजींनी बॅटरी बंद केली. शोभाबाई पाहत राहिल्या. त्यांना एक शब्द बोलायचा होता, "एक", की बत्ता कायमचा माळ्यावर जाणार होता. त्या तो बोलल्या असत्या तर मी खोडून काढलं नसतं. हे मी आता लिहून टाकते. गजभिये तोंडावर हात धरून उभे होते.

शोभाबाईंनी डोळा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"दोन हायेत," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून, जवळजवळ रागावून म्हणाल्या, "एक मोठा, एक लहान. मदी अंधार. आता दिसून राहिले त दोन, मी एक कशी म्हनू, ताई?"

मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर वाटला आणि त्यांच्यासाठी तितकंच वाईट वाटलं. मी तिथेच ग्रुपवर लिहिलं की कोटाची बटणं हा शब्द मी मागे घेते, आरसा अव्वल आहे. धडाधड अंगठे आले. मला वाटलं गजभिये आता नाचतील. धनराजजी तर तयारच होते.

पण गजभिये चुलीकडे पाहत होते. तिथे ते ताट तसंच होतं.

"ताई," ते म्हणाले, "ते सिमेंट तोंडात किती वेळ ठेवा लागते?"

"दातांचं नाव काढायचं नाही असं ठरलंय," मी म्हणाले.

"तुमी नाई काढाचं. मी काढून राहिलो."

"दोन-तीन मिनिटं."

"नाकानं दम घेता येते?"

"येतो."

"मंग उद्या सकाळी सौसरले उतरू. त्या डाक्टरकडे."

"अवो, पन पैज त तुमी जिंकले," शोभाबाई म्हणाल्या.

"हाव ना. जिंकलो म्हून त जाऊन राहिलो," गजभिये म्हणाले. "हारल्यावर दात लावले असते, त जल्मभर ते हारलेले दात चावले असते मी."

शोभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चुलीपाशी गेल्या, ताट पुढे ओढलं, आणि थंड रोडगा सगळ्या दातांनी कडाकडा चावत जेवायला बसल्या.